वाकड्या टाक्यांची दगडाबाई

सांगलीच्या गावभागात नदीकडं उतरत जाणारा एक अरुंद बोळ आहे. त्या बोळाच्या मध्यावर दगडाबाईचा शिवणक्लास होता. दारावर पत्र्याची छोटी पाटी, पाटीवर कात्रीचं चित्र. सकाळी आतून मशीनची खडखड सुरू व्हायची ती दिवेलागणीपर्यंत. बोळाला त्या आवाजाची एवढी सवय झाली होती, की तो थांबला तरच एखादी बाई मान वर करून बघायची.

बोळातल्या बायकांना मात्र एक कोडं होतं. इतकी वर्षं क्लास चालला, पण तिथून एकही पोरगी धड ब्लाऊज शिवायला शिकून बाहेर पडली नव्हती. येणारी प्रत्येक पोरगी जाताना हातात एक रुमाल नाहीतर पिशवीचा तुकडा घेऊन जायची, आणि त्यावरचे टाके बघवत नसत.

"दगडे, तुझ्याकडं येत्यात त्या पोरी शिकत्यात का हाय त्येबी इसरत्यात?" शेजारची बनुबाई उंबऱ्यात तांदूळ निवडता निवडता विचारायची.

"जशी मास्तरीण तशा पोरी," दगडाबाई पायडल न थांबवता म्हणायची.

"मग फी कशाची घेतीस गं?"

"तुझी बडबड ऐकायची."

दोघी हसायच्या आणि बनुबाई पुन्हा खड्यांकडं वळायची. कोडं तिथंच राहायचं.

खरी गोष्ट अशी, की तो शिवणक्लास नव्हताच. मागच्या खोलीत स्वप्नालीताई बसायची. उंब्रजची ही पोरगी मुलांशी कसं बोलावं याचं शिक्षण घेऊन आली होती. ज्या मुलांच्या अंगाला कुणी नको तसा हात लावला, ज्यांना घरच्यांनी गप्प बसवलं, ज्यांची केस कोर्टात उभी आहे, अशी मुलं तिच्याकडं यायची. चटईवर बसायची, बाहुल्या मांडायची, रंगांनी कागद काळे करायची आणि एखाद्या दिवशी बोलायची. पण अशा जागेची पाटी लावली, तर कोणती आई आपलं लेकरू त्या दारातून आत नेईल? गाव तर त्या लेकराकडंच बोट दाखवणार. म्हणून पुढं शिवणक्लास आणि क्लासाला दगडाबाई.

दगडाबाई जतकडच्या कोरड्या मुलखातली. बाप मेंढरं घेऊन फिरायचा. तिच्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली, तेव्हा तिसरीचं नाव दगडा ठेवलं. दगडाला कोण उचलून नेतंय, असा आईचा हिशोब. हिशोब बरोबर निघाला. तिला कुणी नेलं नाही, आणि लग्न करून ज्यानं नेलं त्यानं अथणीकडं दुसरा संसार मांडून तिला मधल्या वाटेवर सोडलं. पोटी मूल नव्हतं. माहेरी परतायचं नाही असं मनाशी धरून ती मिरजेत एका दवाखान्याच्या शिवणखोलीत लागली. चादरी, पडदे, डॉक्टरांचे हिरवे डगले. टाका असा घालायची, की डोळ्याला दिसू नये, हाताला लागू नये. तिथंच स्वप्नालीनं तिला हेरलं.

"मावशी, शिकवणारी बाई मला खूप मिळतील," स्वप्नाली म्हणाली होती. "मला दारात बसणारी पाहिजे. लोकांनी बघायचं ते तिच्याकडं. आणि तिनं मुलांना काही विचारायचं नाही. एक शब्दसुद्धा नाही."

"न्हाई इचारायचं? मला कोण काय सांगतंय म्हणून इचारीन मी," दगडाबाई म्हणाली आणि नोकरी धरली.

मग तिनं त्या कामाची आपली अशी रीत बसवली. मागच्या खोलीचं दार लागलं, की ती मशीनवर बसायची. सुईत दोरा असो नसो, चिंधीवर चिंधी घालून पायडल मारायची. तिच्या जुन्या लोखंडी मशीनचा आवाज असा दांडगा, की आत लेकरू रडलं तरी बोळात काही पोचू नये आणि पुढच्या बाकावर बसलेल्या आईलाही कळू नये. तिलाही कळायचं नाही. इतकी वर्षं ती त्या दाराला पाठ लावून बसली, पण एकाही मुलाची कहाणी तिच्या कानावर आली नाही. कान उघडे ठेवायचे असते तर पाय थांबवावे लागले असते, आणि पाय तिनं कधी थांबवले नाहीत.

दुसरी रीत टाक्यांची. मुलानं घरी जाताना काहीतरी शिवलेलं न्यायलाच हवं. घरची आजी, काका, शेजारीण विचारणार, आज काय शिकलीस? तेव्हा दाखवायला हातात पाहिजे. म्हणून ती प्रत्येक पोरीला थोडं शिकवायची. मुलगा आला तर त्याला गुंड्या लावायला बसवायची. पण एखाद्या दिवशी आतून बाहेर आलेल्या लेकराचे हात असे कापत असायचे, की सुई धरवायची नाही. त्या दिवशी दगडाबाई त्याच्या वाटणीचा रुमाल स्वतः शिवून ठेवायची. आणि तो सुंदर शिवून चालायचं नाही. ज्याचा हात जसा तसा टाका. एकीचा लांब-आखूड, एकीचा उतरता, एकीला मध्येच गाठ मारायची खोड. जन्मभर सरळ टीप घालणारी ही बाई म्हातारपणी वाकडं शिवायला शिकली. प्रत्येक लेकराचं वेगळं वाकडं.

तिसरी गोष्ट ती पहिल्याच दिवशी प्रत्येक मुलाला सांगायची. "हितं मी तुजी मावशी. भायेर न्हाई. रस्त्यात मी दिसले तर माज्याकडं बघायचं न्हाई. मीबी तुज्याकडं बघनार न्हाई. आपला खेळ हाय ह्यो."

मुलं खेळ चोख खेळायची. बाजारात भाजी घेताना समोरून एखादी पोरगी आईचा हात धरून यायची, दगडाबाईच्या अंगावरून जायची, आणि तिची पापणीसुद्धा हलायची नाही. दगडाबाई मेथीची जुडी उलटीपालटी करत राहायची. खेळ नीट चालला म्हणून बरं वाटायचं. घरी येऊन एकटीची भाकरी थापताना मात्र त्याच पोरीचं तोंड तव्यापुढं उभं राहायचं.

अशा मुलांतली एक सृष्टी. नदीपलीकडच्या गावची, दहा वर्षांची. बाप फौजेत. शाळेच्या गाडीच्या ड्रायव्हरनं तिच्याशी वाईट केलं होतं. सृष्टीची आई क्रांती, हिनं नवऱ्याला फोनवर सांगितलं, तो रजा काढून आला, दोघांनी जाऊन पोलिसांत दिलं, आणि तो नोकरीवर परत गेला. घरात सासू, दीर, भरलं खटलं. त्यांतल्या कुणाला पत्ता नव्हता. ड्रायव्हर दुसऱ्या कशात तरी धरला गेला असंच त्यांना वाटत होतं. आता सृष्टीला कोर्टात जज्जापुढं सगळं सांगायचं होतं. ती सांगेल तर तो माणूस आत राहील. ती गप्प बसली तर सुटून परत त्याच रस्त्यावर गाडी चालवेल. आणि आईला पहिल्यांदा सांगितलं तेवढंच, त्यानंतर सृष्टी आईपुढंही बोलत नव्हती. बोलायची ती फक्त मागच्या खोलीत, तेही मशीन चालू असलं तर.

ही पोरगी डावरी. डाव्या हाताचा टाका उजव्या हाताला जमेना. दगडाबाईनं चार संध्याकाळी बोटं टोचून घेतली आणि डाव्या हातानं शिवायला शिकली. पहिला रुमाल दाखवला तेव्हा सृष्टीनं तो उलटापालटा करून बघितला.

"ह्यो मी शिवलाय?"

"मग काय मी? माजा टाका असा अस्तोय व्हय?"

सृष्टी पहिल्यांदा हसली. तिचा एक दात पडलेला होता, तो तेव्हा दिसला.

त्या ऑगस्टात कोयनेतून पाणी सोडल्याच्या बातम्या यायला लागल्या. कऱ्हाडच्या खाली कृष्णा फुगली. बोळाच्या भिंतीवर दोन हजार पाचच्या पुराची तांबडी रेघ मारलेली होती, आणि बोळाचा सगळा भरवसा त्या रेघेवर. लोकांनी धान्य रेघेच्या वर उचललं, गाद्या रेघेच्या वर टाकल्या आणि निवांत चहा प्यायला बसले. दगडाबाईनंही मशीनचा वरचा भाग खोलून रेघेच्या वरच्या फळीवर ठेवला, बाहुल्यांची पेटी त्याच्याशेजारी. एका दुपारी पाणी रेघेला लागलं, आणि कुणी काही म्हणायच्या आत रेघ दिसेनाशी झाली. बनुबाई आणि दगडाबाई एकाच बोटीतून बाहेर निघाल्या.

"कोरड्या मुलखातली तू," बनुबाई म्हणाली, "पाणी मागून मागून एवढं मागितलंस व्हय गं?"

दगडाबाईला हसू आलं नाही. तिचे डोळे वळून वळून त्या दाराकडं जात होते. दाराची फक्त वरची चौकट उरली होती.

पाणी उतरल्यावर खोलीत गुडघाभर गाळ होता. बाहुल्या गाळात तोंड खुपसून पडल्या होत्या. मशीनला गंज धरलेला. दगडाबाईनं गाळ उपसला, मशीनचे सुटे भाग रॉकेलात घातले, चिंधीनं पुसत बसली. स्वप्नाली उंब्रजला अडकली होती, रस्ते सुरू झाल्यावर आली आणि दारातच खाली बसली. मुलं कुठं कुठं विखुरली होती. कुणी कऱ्हाडला आत्याकडं, कुणी विट्याकडं, कुणी शाळेच्या छावणीत. कोर्टाच्या तारखा पुढं गेल्या होत्या. पण पुढं म्हणजे किती पुढं, दिवाळीच्या आत यायच्याच.

स्वप्नाली मदतीसाठी फिरली. जिथं जाईल तिथं एकच उत्तर. "ताई, लोकांची घरं पडल्यात. शिवणक्लासाचं काय एवढं?" बरोबरच होतं त्यांचं. शेवटी तिला एका ठिकाणी खरं सांगावं लागलं. तिथं बसले होते नानासो.

नानासो म्हणजे दिलदार माणूस. ऊसवाले, तरुण मंडळाचे अध्यक्ष, पुरात स्वतःचा ट्रॅक्टर पाण्यात घालून माणसं काढलेले. स्वप्नालीचं ऐकून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "लेकरांचं काम हाय म्हंता? मग घरं मागनं. आदी ह्ये." आणि ते शब्दाला जागले. चार दिवसांत भिंतींना रंग, खाली फरशी, नव्या सतरंज्या, बाहुल्या, आणि मोटारीवर चालणारी दोन नवीकोरी मशीनं. दगडाबाईनं बटण दाबून बघितलं. मशीन मांजरासारखं गुरगुरलं. एवढासा आवाज. पण देणाऱ्याला कसं बोलायचं? तिनं जुनं मशीन तेल घालून कोपऱ्यात उभं केलं.

आणि आमच्या भागात काम झालं, की सत्कार आला. सत्कार आला, की फ्लेक्स आला. ज्यानं केलं त्याचं नाव चौकात लागलं नाही, तर लोक त्याला कृतघ्नपणा समजतात. स्वप्नाली त्या दिवशी मुलांच्या शोधात विट्याला गेली होती. नानासोंनी दगडाबाईला शाल दिली, नारळ दिला, आणि बोळाच्या तोंडाशी पुरुषभर उंचीचा फ्लेक्स उभा केला. त्यावर दगडाबाईचा चेहरा, परातीएवढा. खाली मोठ्या अक्षरांत: 'अत्याचारग्रस्त बालकांची माऊली दगडाबाई.' कोपऱ्यात हात जोडलेले नानासो. मुलांचं नाव कुठंही नव्हतं. त्यांच्या मते गुपित नीट राखलं होतं.

"मावशी, फोटूत जरा हसायचं हुतं," नानासो म्हणाले. "पोलीस ठाण्यातल्यागत आलाय."

आणि खरं सांगायचं, तर दगडाबाईला आनंद झाला. तिचा आजवर आधार कार्डाचा तेवढा फोटो होता. लोक निघून गेल्यावर ती एकटी त्या फ्लेक्सखाली उभी राहिली. आपल्या कपाळावरचं गोंदण एवढं ठळक आहे हे तिला तेव्हा कळलं. आईनं हे बघायला पाहिजे होतं, असं तिच्या मनात आलं. माऊली हा शब्द तिनं दोनदा वाचला.

स्वप्नाली संध्याकाळी परतली. बोळाच्या तोंडाशी थांबली. फ्लेक्स वाचला. मग खोलीत येऊन दगडाबाईसमोर बसली आणि तिच्या अंगावरच्या शालीकडं बघत राहिली. रागावलीही नाही. तेव्हा दगडाबाईच्या ध्यानात आलं, आणि तिनं शाल हळूच काढून घडी घातली.

दुसऱ्या दिवसापासून क्लास उघडला. रंगाचा वास होता, फरशी चकचकीत होती, येणारं कुणी नव्हतं. दगडाबाई दारात बसून राहायची. तिसऱ्या-चौथ्या दिवशी एक पोरगी आईबरोबर बोळात वळताना दिसली. दगडाबाई उठून उभी राहिली. पण तेवढ्यात चार उंबऱ्यांतल्या चार बायका काम टाकून त्या पोरीकडं बघायला लागल्या. वाईट मनानं नाही. ‘अगं बाई, हिचं काय झालं असंल,’ एवढाच भाव. आईनं पोरीला पदराखाली घेतलं आणि आल्या वाटेनं वळली.

बनुबाईनं थट्टा बंद केली. तेच दगडाबाईला जास्त लागलं. आता ती भाजी आणून द्यायची, "घे, बाई," म्हणायची आणि देवाकडं बघावं तसं बघायची.

"बने, क्लासातल्या पोरींचं टाकं कसं येत्यात, इचार की गं," दगडाबाई एकदा म्हणाली.

"आता काय इचारू?" बनुबाईनं डोळे पुसले. "मला काय ठावं हुतं."

कोडं सुटलं होतं आणि त्याबरोबर शेजारही सुटला होता.

पुढच्या आठवड्यात क्रांती आली. हातात साडी, फॉल लावायची म्हणून. आत येऊन तिनं दार लोटलं.

"मावशी, आमच्या भाऊजींनी बोर्ड वाचला. घरी आलं ते पेटूनच. 'ह्या असल्या जागंला आपली पोर कशाला जातीया? काय झालंया तिला?' आत्याबाई तर छातीच बडवाय लागल्या."

"मग गं?"

"मी सृष्टीचं समदं रुमाल म्होरं टाकलं. म्हनलं, बगा, शिवायलाच जात हुती. आमाला काय म्हाईत मागं काय चालतंय? भाऊजींनी टाकं बगितलं. म्हनलं, शिकलीया खरी, पर लय वंगाळ." क्रांती हसायला गेली आणि तिला रडू फुटलं. "वाचलो. पर क्लास बंद केला त्यांनी. पोरगी पुन्यांदा मुकी झालीया. तारीख आली तर ती एक अक्षर बोलायची न्हाई, मावशी. त्यो सुटनार."

दगडाबाईनं साडी हातात घेतली, काठ सरळ केला. फॉल लावताना तिला एकच दिसत होतं. रुमालांनी पोरीला वाचवलं होतं, पण चेहरा अजून चौकात उभा होता.

ती नानासोंकडं गेली. ते अंगणात ट्रॅक्टर धूत होते.

"नानासो, त्यो बोर्ड उतरवा."

"का वं मावशी? कोन काय बोललं?"

"कोन न्हाई बोललं. लेकरं येईनात."

नानासोंना क्षणभर समजेना. "आवं, चांगल्या कामाचा बोर्ड लावायचा न्हाई, मग काय चोरीचा लावायचा?"

"नानासो, तुमच्या घरची पोर असती, तर त्या बोर्डाखालनं आत आणली असती का?"

पाइपातलं पाणी वाहत राहिलं. नानासोंनी नळ बंद केला. त्यांच्या तोंडावरचा रंग उतरला. मग कुणालाही हाक न मारता स्वतः निघाले, स्वतःच्या हातानं दोऱ्या कापल्या आणि फ्लेक्सची गुंडाळी खांद्यावर टाकून घरी घेऊन गेले. जाताना म्हणाले, "चुकलं, मावशी. आमची रीतच वंगाळ. हुरूप आला की वरडायचं."

पण फ्लेक्स उतरला म्हणून काय होतं? सत्काराचा फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर फिरला होता. पलूसकडची एक बाई बाजारात भेटली, तिनंही ओळखलं. "तुमीच न्हवं त्या माऊली?"

तेव्हा दगडाबाईनं मनाशी ठरवलं आणि स्वप्नालीला सांगितलं.

"ताई, जागा बदला. मिरजंला चला. तितं दवाखान्याला कोनबी जातंय, कोन कुनाला इचारत न्हाई."

"मीपण तेच बघतेय," स्वप्नाली म्हणाली. "तुमचं मशीन टेम्पोत टाकू."

"मशीन न्हाई. मीबी न्हाई. जितं मी बसनार तितं बोर्ड लागल्यागतच हाय."

स्वप्नाली ऐकायला तयार नव्हती. दोन दिवस वाद झाला. "थोडे महिने जाऊ देत, लोक विसरतील," ती म्हणायची. "तारीख तवर थांबंल का?" दगडाबाई विचारायची. तिसऱ्या दिवशी स्वप्नाली मिरजेत जागा बघायला निघाली.

खोली शोधायला मात्र दगडाबाई बरोबर गेली, पदर पुढं ओढून. मिरजेत जागा बऱ्याच होत्या. स्वप्नाली आत उभी राहून बोलायची आणि दगडाबाई दाराबाहेर डोळे मिटून उभी राहायची. कुठं शब्द न् शब्द ऐकू यायचा. शेवटी तंतुवाद्यं बनवणाऱ्यांच्या गल्लीत एक माडी मिळाली. खाली एक कारागीर दिवसभर तानपुऱ्याच्या तारा लावत बसलेला. वर दोन छोटे दवाखाने आणि शेवटी ही खोली. दगडाबाईनं डोळे मिटले. खालून तारांचा आवाज भरून येत होता, थांबत नव्हता. आत स्वप्नाली बोलत होती की नव्हती, कळेना.

"हीच घ्या," ती म्हणाली. खाली उतरताना जिन्यावर क्षणभर थांबली. तिच्या पायडलापेक्षा हा आवाज गोड होता, हे तिला मान्य करावं लागलं.

नव्या खोलीत मुलं एकेक करून यायला लागली. विट्याकडची आली, कऱ्हाडची आली. दगडाबाई हे स्वप्नालीच्या फोनवरून ऐकायची. नावं फोनवर घ्यायची नाहीत, म्हणून स्वप्नाली म्हणायची, "आज गाठवाली आली," किंवा "उतरत्या टाक्यावाली आली." दगडाबाईला तेवढं पुरायचं. डावरी मात्र येत नव्हती.

क्रांती पुन्हा आली, पुन्हा फॉलची साडी घेऊन. एव्हाना तिच्या सासूच्याही साड्यांना फॉल लागून झाले होते.

"घरी सांगितलंया, पोरीचा कान दुकतुया, मिरजंला न्यायला पायजे. कोन काय बोललं न्हाई. पर सृष्टीच यीना. म्हनती, मशीनवाली मावशी तितं न्हाई, तर ती जागा लबाडाची हाय. तुमी एकडाव चला, मावशी. नुसतं दाराशी."

दगडाबाईचा जीव त्या क्षणी निघून मिरजेला पोचला होता. पायांना तेवढं तिनं धरून ठेवलं. क्रांतीचा दीर दर दोन दिवसांनी मिरजेला भाजी घेऊन जायचा. कुणी बघितलं तर ती खोलीही जायची, सगळ्या मुलांची.

"बस वाईच," ती म्हणाली.

तिनं पांढरा तुकडा घेतला, सुई डाव्या हातात धरली आणि काठ दुमडून शिवायला लागली. लांब, आखूड, मग एकदम तिरका. कोपऱ्यावर आली, की सृष्टी नेहमी गोंधळायची आणि दोन टाके एकावर एक घालायची, तसे घातले. डोळ्यांत पाणी आल्यामुळं काही टाके खरेच वाकडे गेले, ते तसेच ठेवले. चौथी बाजू तिनं मोकळी सोडली. सुई-दोरा तिथंच टोचून ठेवला.

"ह्ये तिला दे. म्हनावं, मावशीनं तीन बाजू शिवल्यात. चौथी तू तितं बसून शिवायची. तार वाजती तितं."

क्रांतीनं रुमाल पदरात बांधला.

चार दिवसांनी स्वप्नालीचा फोन आला. "डावरी आली," एवढंच ती म्हणाली. दगडाबाईनं फोन ठेवला, जुन्या मशीनवर बसली आणि संध्याकाळपर्यंत नुसतं पायडल मारत राहिली. बोळानं ऐकलं. बनुबाई दारापर्यंत आली आणि परत गेली.

दिवाळी जवळ आली. सांगली-मिरज रस्त्यावरच्या कोर्टात सृष्टीची तारीख लागली. स्वप्नालीनं दिवस सांगितला होता, यायचं नाही हेही सांगितलं होतं. दगडाबाईनं "व्हय, व्हय" म्हटलं आणि त्या सकाळी कोर्टासमोरच्या बसस्टॉपवर जाऊन बसली. तिथं दवाखान्याला निघालेल्या बायका होत्या, पिशव्या होत्या, एकीचं लेकरू चिवडा सांडत होतं. डोक्यावरून पदर घेतलेली आणखी एक म्हातारी कुणाच्या डोळ्यांत भरणार?

रिक्षा थांबली. क्रांती उतरली, स्वप्नाली उतरली, मग सृष्टी. दोन वेण्या, शाळेचाच फ्रॉक. पुरानंतर उंची वाढली होती. रस्ता ओलांडायला ती नेमकी स्टॉपच्या बाजूनं आली. पाच हातांवरून. तिनं मान वर केली आणि दगडाबाईला बघितलं.

आता ही धावत येईल, असं दगडाबाईला वाटलं. यावी असंही वाटलं.

सृष्टीची पापणीसुद्धा हलली नाही. तिची नजर दगडाबाईवरून चिवड्यावर गेली, चिवड्यावरून रस्त्यावर, आणि ती पुढं निघाली. डाव्या मुठीत रुमाल होता. अंगठा त्याच्या काठावरून सावकाश सरकत होता, टाक्याटाक्याला अडत. चौथी बाजूही शिवलेली होती. कशी, ते एवढ्या लांबून दिसेना. फाटक ओलांडून तिघी आत गेल्या.

बस आली. बायका चढल्या. कंडक्टरनं दारातून हाक मारली, "आजी, सांगलीला यायचं न्हवं? चढा बिगी बिगी."

"जावा तुमी," दगडाबाई म्हणाली.

"कुनाची वाट बघताय व्हय?"

"न्हाई बाबा. कुनाचीच न्हाई."

बस गेली. स्टॉपवर चिवड्याचे दाणे आणि ती, दोघंच राहिली. ऊन बाकावर चढलं तसं तिनं पदर आणखी पुढं ओढला. फाटकातून पुन्हा तीन माणसं बाहेर येताना दिसली तेव्हा दुपार कलली होती. मधल्या पोरीच्या तोंडाकडं तिनं बघितलं नाही, तिनंच घालून दिलेला नियम होता. तिनं फक्त पोरीच्या डाव्या हाताकडं बघितलं. मूठ उघडी होती. रुमाल वेणीला बांधलेला होता, आणि पोरगी आत बोलली हे दगडाबाईला त्यावरून कळलं.

मग आलेल्या पहिल्या बसला तिनं हात केला.